पिसूच्या पोटातला प्लेग

१८९७ च्या मार्च महिन्यात पुण्यात प्लेग शोधण्याची एक रीत ठरून गेली होती. सकाळी गोऱ्या शिपायांची तुकडी पेठेत शिरायची, गल्ली दोन्ही तोंडांनी अडवायची आणि घरोघरची दारं उघडायला लावायची. माणसांना बाहेर काढून त्यांच्या काखा आणि जांघा चाचपल्या जायच्या. गाठ लागली की माणूस प्लेगच्या इस्पितळात आणि घरची मंडळी विलगीकरणाच्या छावणीत. मग घराची पाळी. फरशी नसलेली जमीन खणायची, भिंतींना चुना फासायचा, जंतुनाशकं ओतायची, ऊन आत यावं म्हणून कौलं काढायची, कपडालत्ता आणि अंथरुणं जाळायची. शिपाई देवघरात चढतात, बायकांची तपासणी उघड्यावर होते, चीजवस्तू नाहीशा होतात, या तक्रारींनी शहर धुमसत होतं.

ही मोहीम वॉल्टर चार्ल्स रँड या सनदी अधिकाऱ्याच्या हाती होती. १३ मार्चला ती सुरू झाली आणि १९ मेपर्यंत चालली. सुरू होण्याच्या तीनच दिवस आधी, १० मार्चला, सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या. मुलगा डॉक्टर यशवंत याच्या दवाखान्यात रुग्णांची शुश्रूषा करताना त्यांना लागण झाली होती. २२ जूनच्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा हीरक महोत्सव साजरा होत असताना, गणेशखिंडीच्या रस्त्यावर चिंचवडच्या चापेकर बंधूंनी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. थोरले दामोदरपंत १८ एप्रिल १८९८ रोजी येरवड्यात फासावर गेले. पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात पाच दिवसांच्या आत धाकटा भाऊ वासुदेव, साथीदार महादेव रानडे आणि मधला भाऊ बाळकृष्ण हे तिघे. कीर्तनकार हरिपंत चापेकरांच्या घरातले तीन मुलगे गेले.

प्लेग आणि चिंचवड म्हटलं की मराठी माणसाला हे आठवतं, आणि आठवायलाच हवं. पण त्याच प्लेगची आणखी एक हकीकत आहे. ती मुंबईच्या चाळींत, कराचीच्या एका हॉटेलात, परळच्या प्रयोगशाळेत आणि लंडनमधल्या एका टेबलावर घडली. तिच्यात बंदूक नाही. टाचणीच्या डोक्याएवढ्या किड्याचं पोट उघडून भिंगाखाली पाहणारी माणसं आहेत. सरकार जे माणसांच्या काखेत शोधत होतं त्याचं उत्तर दोन मिलिमीटर लांबीच्या पिसूच्या पोटात होतं. ते सापडायला आणखी सतरा वर्षं लागली. या दोन्ही हकिकती शेजारी ठेवून वाचल्या तरच १८९७ साल पुरतं समजतं, असं मला वाटतं.

जंतू सापडला, वाट सापडेना

मुंबईत प्लेग आला तो १८९६ च्या सप्टेंबरात. बंदराजवळच्या मांडवी भागात धान्याच्या वखारी होत्या. तिथल्या एका रुग्णाला तपासून हा गाठीचा प्लेगच आहे असं ठामपणे सांगितलं ते डॉ. अकासियो गाब्रियेल व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी. रोगाचा जंतू तोवर ठाऊक झाला होता. १८९४ मध्ये हाँगकाँगच्या साथीत अलेक्झांडर येर्सिन याने तो गाठीतल्या पुवात पाहिला होता. मेलेल्या उंदरांतही तोच जंतू असतो, हेही त्याने नोंदवलं होतं. मुंबईत वाल्डेमार हाफकिनने ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली.

जंतू माहीत, लसही हाताशी. मात्र हा जंतू एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो कसा, याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. कुणी हवेवर बोट ठेवत होतं, कुणी दमट जमिनीवर, कुणी अन्नावर, कुणी अनवाणी पायांच्या जखमांवर, कुणी कपड्यांवर. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा मंजूर झाला आणि अधिकाऱ्यांना अमर्याद हक्क मिळाले. रँडने पुण्यात जे केलं ते या सगळ्या तर्कांची बेरीज होती. जमिनीत जंतू असेल म्हणून जमीन खणा, हवेत असेल म्हणून छप्पर उघडा, माणसात आहे म्हणून माणूस उचला.

गावोगावच्या लोकांना मात्र एक गोष्ट अनुभवाने कळली होती. घरात उंदीर पडायला लागले की काही दिवसांत माणसं पडतात. उंदीर पटापट मरू लागले की मंडळी घर सोडून रानात झोपड्या घालून राहायची आणि साथ ओसरली की परतायची. दख्खनच्या खेड्यांत पुढे कितीतरी वर्षं हाच रिवाज राहिला. उंदीर आणि माणूस यांच्या मरणात संबंध आहे, एवढं त्यांनी ओळखलं होतं. तो संबंध जोडणारा दुवा कोणता, हे डोळ्यांना दिसणारं नव्हतं.

सिमाँ, आणि त्याच काळातला रॉस

पाश्चर संस्थेचा पॉल-लुई सिमाँ १८९७ मध्ये मुंबईत आला. मुंबईत येऊन गेलेला येर्सिन परत गेल्यावर त्याचं काम सिमाँने उचललं. त्याची शिस्त साधी होती. रुग्णाच्या अंगावर जे दिसेल ते बारकाईने पाहायचं. काही रुग्णांच्या पायावर, गाठ येण्याआधी, एक बारीकसा फोड दिसायचा. त्यातलं पाणी सूक्ष्मदर्शकाखाली धरलं तर प्लेगचे जंतू खच्चून भरलेले. म्हणजे जंतू इथून आत शिरला होता आणि फोडाची जागा किड्याच्या चाव्यासारखी होती. एका लोकरीच्या गिरणीची हकीकत त्याला कळली. सकाळी जमिनीवर मेलेले उंदीर दिसले म्हणून वीस मजुरांना ते उचलायला लावलं. तीन दिवसांत त्यांतल्या दहांना प्लेग झाला, गिरणीतल्या बाकी कुणालाच झाला नाही. ताजा मेलेला उंदीर घातक आणि बराच वेळ पडून गारठलेला उंदीर निर्धोक, हा फरक सिमाँच्या डोक्यात ठसला. उंदीर गार पडला की त्याच्या अंगावरच्या पिसवा दुसऱ्या गरम अंगाच्या शोधात निघून जातात.

मग त्याने प्लेगच्या उंदरांवरच्या पिसवा गोळा केल्या, चिरडल्या आणि त्यांच्या आतड्यातला ऐवज काचपट्टीवर घेतला. जंतू तिथेही होते. २ जून १८९८ रोजी कराचीच्या रेनॉल्ड्स हॉटेलात त्याने निर्णायक प्रयोग केला. मोठ्या काचपात्रात पिसवा असलेला आजारी उंदीर ठेवला. तो मरायला टेकल्यावर त्याच पात्रात निरोगी उंदराचा छोटा पिंजरा लटकवला. दोघांचा स्पर्श होणार नाही, पिसू मात्र उडी मारून जाऊ शकेल, अशी ही रचना होती. काही दिवसांनी दुसरा उंदीर मेला आणि त्याच्या शरीरात प्लेगचे जंतू मिळाले. त्याच वर्षी सिमाँने हे सारं छापलं. जपानच्या मासानोरी ओगाताने त्याआधीच, १८९७ मध्ये, पिसवांकडे बोट दाखवलं होतं.

किड्याचं पोट फाडून माणसाच्या रोगाचं मूळ शोधायचं, हा विचार त्या काळात नवा होता. पण तोच विचार आदल्याच वर्षी आणखी एका माणसाने खरा करून दाखवला होता. रँडवर गोळी झाडली गेल्यानंतर दोन महिन्यांच्या आत, २० ऑगस्ट १८९७ रोजी, सिकंदराबादजवळच्या बेगमपेठेत रोनाल्ड रॉस याला डासाच्या जठराच्या भिंतीत मलेरियाच्या परजीवीच्या काळ्या कणांच्या पेशी दिसल्या. त्याच्याकडे होता एक लहानसा, सोबत वागवता येणारा सूक्ष्मदर्शक. त्याचा आराखडा त्याने स्वतः केला होता आणि लंडनच्या बेकर कंपनीने तो घडवला होता. कपाळावरून आणि हातांवरून ठिबकणाऱ्या घामाने त्याचे स्क्रू गंजले होते, उरलेली एकमेव नेत्रकाच तडकली होती. पंखा सुरू करायची सोय नव्हती, कारण वाऱ्याने विच्छेदन केलेले डास उडून जात. हुसेन खान नावाच्या रुग्णाने एका डासाला एक आणा या दराने स्वतःचं रक्त पिऊ दिलं होतं. एवढ्या तुटपुंज्या सामग्रीवर रॉसने जगातल्या एका मोठ्या रोगाची वाट उलगडली.

त्या वर्षी इंग्रज सरकारचे दोन नोकर रोगाचा माग काढत होते. एक माणसांवर संशय घेऊन घरात शिरत होता, दुसरा डासाचं जठर सुईच्या टोकाने उलगडत होता. या दुसऱ्या वाटेला पुण्यात तेव्हा जागा मिळाली असती तर पेठांचा तो उन्हाळा वेगळा गेला असता.

सिमाँच्या वाट्याला मात्र उपेक्षा आली. १८९८ मध्ये नेमलेल्या प्लेग कमिशनने सगळ्या हिंदुस्थानात फिरून साक्षी घेतल्या आणि रक्त शोषणाऱ्या किड्यांचा मुद्दा विचारात घेण्याजोगा नाही असा निर्वाळा दिला. युरोपातल्या काही शास्त्रज्ञांनी तर प्रयोग करून दाखवलं की उंदरावरच्या पिसवा माणसाला चावतच नाहीत. त्यांचं निरीक्षण खोटं नव्हतं. घोटाळा किड्याच्या ओळखीत होता.

कोणती पिसू?

पिसू म्हणजे पिसू, असं आपल्याला वाटतं. भिंगाखाली तसं राहत नाही. तिचं शरीर दोन्ही बाजूंनी चपटं असतं, म्हणून केसांच्या दाटीतून ती सहज सरकते. पंख नाहीत, मागचे पाय लांब आणि जाड. मांजराच्या अंगावरची पिसू पाहिली तर गालाखाली आणि मानेमागे काळ्या काट्यांच्या दोन ओळी दिसतात, कंगव्याच्या दातांसारख्या. आपल्याकडच्या उंदरावरच्या पिसूला हे कंगवे नसतात. माणसाच्या पिसूलाही नसतात. मग या दोघींत फरक कसा करायचा? माणसाच्या पिसूच्या डोळ्याजवळचा राठ केस डोळ्याखाली असतो, उंदराच्या पिसूचा डोळ्यापुढे. शिवाय उंदराच्या पिसूच्या छातीच्या मधल्या खंडावर एक उभी गडद पट्टी असते. पिसू कॉस्टिक पोटॅशच्या पाण्यात ठेवून पारदर्शक केली की ती स्पष्ट दिसते.

या पिसूला शास्त्रीय नाव मिळालं तेही याच काळात. १९०३ मध्ये चार्ल्स रॉथ्सचाइल्ड याने सुदानमध्ये मिळालेल्या नमुन्यांवरून तिचं वर्णन केलं आणि इजिप्तच्या पिरॅमिडवाल्या राजावरून तिला किऑपिस हे नाव दिलं. युरोपात प्रयोग झाले होते ते थंड हवेतल्या दुसऱ्या जातीच्या उंदीर-पिसवांवर. मुंबई-पुण्याच्या उंदरांवरची ही पिसू भुकेली असली की माणसाला चावते.

हे मुंबईत सिद्ध केलं कॅप्टन ग्लेन लिस्टन याने. १९०३ च्या वसंतात एका चाळीत आधी उंदीर मेले, मग मरणं एकाएकी थांबलं आणि थोड्याच दिवसांत रहिवासी पिसवांनी हैराण झाले. इतके की माणसं खोल्या सोडून व्हरांड्यात निजू लागली. त्यांच्यापैकी काहींना प्लेग झाला. लिस्टनने त्यांच्या अंगावरच्या पिसवा पकडून एकेक तपासली. एरवी माणसांच्या अंगावरून गोळा केलेल्या २४६ पिसवांमध्ये उंदराची पिसू त्याला अवघी १ सापडली होती. या चाळीत पकडलेल्या ३० मध्ये उंदराच्या होत्या १४. घरचे उंदीर मेल्यावर त्यांच्या पिसवांना माणसाशिवाय कुणी उरलं नव्हतं. प्लेगच्या घरांत गिनीपिग मोकळे सोडून त्यांच्या अंगावर किती आणि कोणत्या पिसवा चढतात, हेही त्याने मोजलं. १९०४ च्या अखेरीस हे काम त्याने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीपुढे मांडलं.

चाळीतल्या त्या १४ पिसवा माझ्या लेखी या इतिहासातला सगळ्यात मोठा पुरावा आहेत. त्या ओळखता आल्या त्या एका केसाच्या जागेवरून. सूक्ष्मदर्शक नसता तर त्या ३० पिसवा सारख्याच दिसल्या असत्या आणि उंदरापासून माणसापर्यंतची वाट पुन्हा अंधारात गेली असती.

परळची घरटी आणि लंडनचं टेबल

१९०५ मध्ये सरकारने नवं तपास-मंडळ उभं केलं. लंडनच्या लिस्टर संस्थेचा चार्ल्स मार्टिन, जॉर्ज लॅम्ब, लिस्टन आणि त्यांचे सहकारी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमधल्या प्लेग प्रयोगशाळेत कामाला लागले. हीच पुढे हाफकिन संस्था झाली. आवारात त्यांनी सहा छोटी घरं बांधली. दोन घरांवर साधी देशी कौलं होती, त्यांच्या फटींत उंदीर सुखाने राहत. दोन घरांवर मंगलोरी कौलं होती. दोन घरांवर पत्रा होता, तिथे उंदराला थारा नव्हता. आत गिनीपिग ठेवले. पिसवा होत्या तिथे प्लेग पसरला. पिसवा नव्हत्या तिथे आजारी आणि निरोगी जनावरं एकत्र राहूनही प्लेग पसरला नाही. प्लेग झालेल्या आईचं दूध पिणारी पिल्लंही वाचली. जमिनीपासून दोन इंचांवर टांगलेल्या पिंजऱ्यातल्या गिनीपिगला लागण झाली, दोन फुटांवरचा सुरक्षित राहिला. पिंजऱ्याभोवती चिकट कागदाचा पट्टा पसरला की पिसवा त्यावर अडकायच्या आणि आतला प्राणी वाचायचा.

हवा, जमीन, अन्न हे सारे तर्क या घरांनी निकालात काढले. तरी एक कोडं राहिलं. पिसू रक्त शोषून घेते, टोचून आत सोडत नाही. मग तिच्या पोटातले जंतू माणसाच्या रक्तात येतात कसे?

याचं उत्तर आर्थर बॅकॉटने शोधलं. तो लंडनच्या व्यापारी भागात कारकुनी करणारा माणूस. फावल्या वेळात किडे पाळायचा, पाहायचा, लिहून ठेवायचा. १९११ मध्ये लिस्टर संस्थेने त्याला कीटकतज्ज्ञ म्हणून घेतलं. त्याने आणि मार्टिनने प्लेग झालेल्या जनावरांवर पिसवा पोसल्या आणि त्या जिवंत असताना भिंगाखाली पाहिल्या. पिसूचं कवच इतकं पातळ असतं की आत जाणारं ताजं रक्त लाल रेषेसारखं दिसतं. निरोगी पिसूत ते अन्ननलिकेतून थेट जठरात जातं आणि जठर फुगतं. प्लेग झालेल्या काही पिसवांत मात्र रक्त जठराच्या दाराशीच अडायचं. जठरात फक्त जुना काळपट ऐवज, आणि अन्ननलिका ताज्या रक्ताने टम्म.

मग विच्छेदन. काचपट्टीवर मिठाच्या पाण्याचा थेंब, त्यात पिसू. एका सुईने छाती दाबून धरायची, दुसरीने पोटाचं टोक हलकेच ओढायचं. अन्नमार्ग सबंध बाहेर येतो. अन्ननलिका आणि जठर यांच्या मध्ये एक छोटी, स्नायूंची, घंटेच्या आकाराची झडप आहे. तिच्या आतल्या बाजूला बारीक काट्यांच्या ओळी असतात, टोकं मागे वळलेली. हे काटे मिटले की जठरातलं रक्त परत येऊ शकत नाही. प्लेगचे जंतू या काट्यांत अडकतात, वाढतात, चिकट गोळा होतात आणि दार बंद करतात. मोरी तुंबली की ओतलेलं पाणी उलट वर येतं, तसंच पुढे होतं. पिसू उपाशी राहते, पुन्हा पुन्हा चावते, जोराने रक्त ओढते. ते त्या गोळ्यावर आपटतं, त्यातले जंतू सुटतात आणि पंपाचा जोर ओसरला की जंतूंसकट रक्त चावलेल्या जखमेत परत जातं. १९१४ मध्ये हे दोघांनी छापलं. प्लेग कसा पसरतो याचं इतकं नेमकं स्पष्टीकरण तोवर कुणी दिलं नव्हतं. बॅकॉट पुढे उवांवर काम करत असताना १९२२ मध्ये कैरोला टायफसने गेला.

या झडपेने आणखी एका प्रश्नावर उजेड टाकला. तुंबलेल्या पिसूला पाणी मिळत नाही. कडक, कोरड्या हवेत ती लवकर सुकून मरते. उष्मा वाढला की गोळा धरणंही कमी होतं. दख्खनमध्ये उन्हाळा चढला की साथ ओसरते, याचं कारण इथे आहे. १८९७ च्या मे महिन्यात पुण्याची साथ उतरली आणि त्याचं श्रेय मोहिमेला दिलं गेलं. त्या उतारात शिपायांचा वाटा किती आणि वैशाखाच्या उन्हाचा किती, हे विचारायला ही झडप आपल्याला भाग पाडते. जमीन खणून, कौलं उतरवून हुसकावलेले उंदीर शेजारच्या वाड्यात गेले असतील तर त्यांच्यासोबत पिसवाही गेल्या असतील, हेही उघड आहे.

नंतरच्या दशकात सूक्ष्मदर्शकाने आणखी एक भेद उलगडला. मुंबई, पुणे आणि पंजाब प्लेगने पोळले, मद्रास बरंचसं वाचलं. का? कोलंबोत हर्स्ट आणि हिंदुस्थानात क्रॅग यांनी हजारो पिसवा तपासल्या. मद्रासकडे उंदरांवर दुसऱ्याच जातीची, अ‍ॅस्टिया नावाची पिसू जास्त होती, आणि ती प्लेग पसरवण्यात कमकुवत. या दोन जातींच्या माद्या बाहेरून जवळपास सारख्या. त्यांना वेगळं करता येतं ते पोटातल्या शुक्राणू साठवायच्या इवल्याशा पिशवीच्या आकारावरून. एका शहराचं नशीब आणि दुसऱ्या शहराचं दुर्दैव यांतला मोठा फरक त्या पिशवीच्या वळणात वाचता येत होता.

पिंपरीची बाजू

प्लेगने १८९८ ते १९४८ या अर्धशतकात या देशातली सुमारे सव्वा कोटी माणसं नेली. पिसूची वाट कळल्यावर उपाय बदलले. धान्य आणि माणूस वेगळे ठेवणं, उंदरांना न शिरता येईल अशी जोती आणि गोदामं बांधणं, उंदीर पडले की गाव लगेच मोकळं करणं, लस टोचणं, आणि पुढे उंदरांच्या बिळांत डीडीटी फवारणं. रोग्याच्या काखेत हात घालून साथ थांबत नाही, हे सरकारलाही पटलं होतं.

आणि मग औषध आलं. पेनिसिलिनचा प्लेगवर उपयोग होत नाही. अमेरिकेत १९४३ मध्ये मातीतल्या जीवाणूपासून मिळालेलं स्ट्रेप्टोमायसिन मात्र प्लेगवर अचूक लागू पडलं. चिंचवडच्या शेजारी पिंपरीत, युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने, १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी उभी राहिली आणि १९५५ पासून पेनिसिलिन बनू लागलं. साठच्या दशकात तिथेच स्ट्रेप्टोमायसिनही बनू लागलं. तिथल्या संशोधकांनी पिंपरीच्याच मातीतून वेगळ्या केलेल्या एका जीवाणूला पिंपरीवरून नाव दिलं आणि त्यापासून हॅमायसिन हे बुरशीनाशक औषध काढलं. पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक वसाहतीचा इतिहास सांगताना आपण मोटारी आणि यंत्रांपासून सुरुवात करतो. या पट्ट्याचा एक पाया औषधाचा आहे. जिथल्या तरुणांनी प्लेगच्या छळापायी प्राण दिले त्याच गावाच्या कुशीत, साठेक वर्षांनी, प्लेग बरा करणारं औषध तयार होत होतं. याचा अभिमान आपण पुरेसा बाळगलेला नाही.

१९६६ नंतर जवळजवळ तीन दशकं देशात माणसाला प्लेग झाल्याची नोंद नव्हती. मग १९९४ च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात उंदीर पडले, लोक पिसवांनी त्रासले आणि गाठीचे रुग्ण दिसू लागले. आदल्या वर्षीच्या भूकंपाच्या धास्तीने गावकरी घरं सोडून बाहेर राहिले होते. मागे राहिलेल्या धान्यावर उंदीर माजले होते. क्रम तोच होता: धान्य, उंदीर, पिसू, माणूस. पण या वेळी तो ओळखणारे लोक होते, आणि गोळ्याही होत्या.

भिंग हाती हवं

आज चाकणच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना गोदामं दिसतात. सुटे भाग, किराणा, धान्य, पुठ्ठ्याची खोकी. पिसूची अंडी आणि अळ्या उंदराच्या अंगावर वाढत नाहीत. त्या धुळीत, कोपऱ्यातल्या केरात, सांडलेल्या धान्याच्या भुश्यात वाढतात. मांडवीच्या वखारीत जे होतं ते कुठल्याही अस्वच्छ गोदामात होऊ शकतं. उंदरांवर सरासरी किती पिसवा आहेत हे मोजणं, आणि ही सरासरी एका उंदराला एकापेक्षा जास्त झाली की सावध होणं, ही प्लेगवरची नजर ठेवायची मान्य रीत आहे. त्यासाठी उंदराच्या केसांतून पिसवा विंचरून काढणारे आणि सूक्ष्मदर्शकाखाली जात ओळखणारे लोक लागतात. महापालिकेच्या आरोग्य खात्यांनी अशी माणसं घडवली पाहिजेत, टिकवली पाहिजेत.

हे काम शाळेतून सुरू होऊ शकतं. १६६५ मध्ये रॉबर्ट हूकने काढलेलं पिसूचं चित्र सगळ्या युरोपला थक्क करून गेलं होतं. तेव्हा असं भिंग मोजक्यांकडेच होतं. २०१४ मध्ये शास्त्रज्ञ मनू प्रकाश यांनी कागदाच्या घड्यांचा फोल्डस्कोप बनवला आणि तो भारतातल्या शाळांतही पोचला. वजन काही ग्रॅम, खिशात मावतो, वस्तू सुमारे १४० पट मोठी करून दाखवतो. घरच्या मांजराच्या अंगावरची पिसू साबणाच्या पाण्यात बुडवावी, मग स्पिरिटमध्ये ठेवावी आणि काचपट्टीवर घ्यावी. गालाखालचा काळा कंगवा या साध्या यंत्रातही लख्ख दिसतो. पाचवीच्या मुलीला तो एकदा दिसला की कुठलाही किडा ती पुन्हा नुसता किडा म्हणून पाहणार नाही. चिंचवडच्या चापेकर स्मारकात आणि सायन्स पार्कमध्ये उंदराच्या पिसूची एक काचपट्टी आणि तिची झडप दाखवणारं चित्र ठेवलं तर मुलांना १८९७ च्या दोन्ही बाजू एका फेरीत समजतील: साथीच्या नावाखाली माणसांवर काय लादलं गेलं, आणि साथ कुठून येत होती.

रोग आला की पहिला संशय माणसावर घ्यायचा, ही खोड १८९७ मध्येच संपली नाही. परक्या गावचा, परक्या वस्तीचा, परक्या जातीचा माणूस आपल्याकडे आजार आणतो, असं म्हणणारे लोक आपण आपल्याच काळात पाहिले. लिस्टनच्या २४६ पिसवांनी आणि बॅकॉटच्या झडपेने दाखवलेली वाट वेगळी आहे. आधी पाहायचं, मोजायचं, ओळखायचं, आणि मगच दार ठोठवायचं.